चुलीचा जाळ भिंतीपाशी का विझतो, आणि त्यावरून चूल कशी घालायची

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या मावशींनी नवी चूल घातली. वीतभर जाड भिंती, गंज, म्हणजे पातेलं, बसवला की बोटही शिरणार नाही असं घट्ट तोंड, वरून पांढऱ्या मातीचा पोतेरा. दिसायला देखणी. पहिल्याच दिवशी सैपाकघरात डोळे उघडेनात. "काऊन धुरून रायली बाप्पा हे? पऱ्हाटी तं कोरडी ठाक हाये!"

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, खरंच कोरडी होती. मी गावात चुली, बंब आणि गोबरगॅस यांची डागडुजी करतो, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. दर वेळी दोष लाकडावर, वाऱ्यावर नाहीतर सुनेच्या हातावर जातो. भिंतीकडे कुणी बोट दाखवत नाही. मावशींच्या चुलीला दोन आजार एकदम जडले होते: धूर बाहेर पडायला वाट नव्हती, आणि जाळ चारी बाजूंनी थंड भिंतींत कोंडलेला होता. पहिला आजार सगळ्यांना कळतो. या लेखात मुख्यतः दुसऱ्याबद्दल.

जाळ विझतो म्हणजे काय होतं

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण जाळ असतो तो लाकडातून निघणाऱ्या वायूचा. पऱ्हाटी तापली की तिच्यातून वायू सुटतो, तो हवेत मिसळतो आणि पेटतो. पेटल्यावर जी उष्णता निघते ती शेजारच्या न जळलेल्या वायूला तापवते, मग तो पेटतो. अशी ही रांग चालू राहते. जाळ स्वतःच्या उष्णतेवरच जगतो. ती उष्णता कुणी मधल्यामध्ये पळवली, तर हवा भरपूर असूनही तो तिथे विझतो.

भिंत नेमकं हेच करते. माती असो, पितळ असो की पाण्याने भरलेला गंज, थंड पृष्ठभाग जवळच्या वायूची उष्णता ओढून घेतो. शिवाय जळण्याची साखळी पुढे नेणारे, क्षणभरच टिकणारे काही चंचल कण भिंतीवर आदळून एकमेकांशी जुळतात आणि निकामी होतात. म्हणून प्रत्येक थंड भिंतीला लागून एक पातळ थर असा असतो जिथे जाळ नसतोच, नुसता अर्धवट तापलेला वायू असतो. गॅसच्या शेगडीवर अंधारात बारीक नजरेने पाहा. निळी ज्योत बर्नरच्या भोकाला चिकटलेली नसते, बुडाशी केसभर काळी फट दिसते. तोच हा थर.

दोन थंड भिंती एकमेकींच्या फार जवळ आणल्या, तर दोन्हींचे थर मिळतात आणि मधून जाळ जाऊच शकत नाही. ही फट प्रत्येक वायूची वेगळी असते. मिथेन आणि हवेच्या चांगल्या मिश्रणाला साधारण २ ते २.५ मिलिमीटर, घरगुती सिलिंडरच्या गॅसला सुमारे २, हायड्रोजनला जेमतेम ०.६. तिळाच्या दाण्याची रुंदी डोळ्यासमोर आणा, साधारण तेवढी फट. भिंत तापलेली असेल तर फट आणखी अरुंद लागते, कारण गरम भिंत कमी उष्णता ओढते. तीच चूल सकाळी पेटवताना धुरते आणि भाकरी टाकायच्या वेळी शहाण्यासारखी वागते, ते यामुळे.

आता कुणी म्हणेल, चुलीत कुठे दोन-अडीच मिलिमीटरची फट आहे? बरोबर. चुलीचा जाळ मोठा, आळशी आणि लांब असतो, तो एका फटीत अडकून मरत नाही. पण गंजाच्या थंड बुडावर तो आडवा पसरला की त्याचा तो सगळा पसरट थर गार पडतो, आणि जळायचं बाकी राहिलेलं सगळं धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातं.

हात लावण्याआधी दोन प्रयोग

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. दोन्ही प्रयोग मेणबत्तीवर किंवा तेलाच्या लहान दिव्यावरच करायचे, गॅसवर नाही. सुती कपडे, जवळ पाण्याचा तांब्या.

पहिला तारेचा. वायरिंगमधली जाड तांब्याची तार घ्या, प्लास्टिक सोलून उघडी करा. मोटारीच्या वाइंडिंगची घेतली तर तिचं वार्निश खरवडावं लागतं. पेन्सिलीभोवती सात-आठ वेढे घट्ट गुंडाळा, वेढ्यांमध्ये किंचित मोकळी जागा ठेवा, आणि धरायला लांब दांडी सोडा. दिव्याची ज्योत लहान करा आणि ही गुंडाळी वरून अलगद ज्योतीभोवती उतरवा. ज्योत आखडते, आणि वात बारीक असेल तर विझून जाते. हवा तर वेढ्यांमधून येतच असते. मग तीच गुंडाळी चिमट्यात धरून दुसऱ्या ज्योतीवर चांगली तापवा आणि पुन्हा उतरवा. या वेळी ज्योत आत जळत राहते. माझ्या धाकट्या मुलाला हे दाखवलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हणजे तार ज्योतीचं जेवण खाते, पोट भरलं की सोडून देते." मला यापेक्षा चांगलं सांगता येत नाही.

दुसरा गाळणीचा. स्टीलच्या बारीक जाळीची चहाची गाळणी पेटत्या मेणबत्तीवर वरून खाली आणा. ज्योत जाळीपाशी थांबते, वर फक्त धुराची पांढुरकी रेघ येते. त्या रेघेला वरून काडी दाखवली तर कधीकधी जाळीच्या वरही ज्योत पेटते. म्हणजे जळण्याजोगा वायू वर गेलाच होता, जाळ मात्र खालीच अडला. जाळी लाल होईपर्यंत धरून ठेवली तर हा अडसर टिकत नाही, हेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच जाळीवर एक मोठी गोष्ट उभी राहिली. कोळशाच्या खाणीत मिथेन साठतो आणि उघड्या दिव्याने भडका उडतो. इंग्लंडच्या फेलिंग खाणीत १८१२ साली असा स्फोट होऊन ९२ माणसं मेली. त्यानंतर १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली, इंचाला साधारण २८ तारा. खाणीतला वायू जाळीतून आत येऊन जळायचा, पण जाळ बाहेर पडत नसे. आत निळसर टोपी चढली की माणसाला कळे, इथे गॅस आहे, निघा. वणी, बल्लारपूर, उमरेडकडे पिढ्यान्‌पिढ्या खाणीत काम केलेल्या घरांत जाळीच्या दिव्याचं नाव अजून निघतं. त्या दिव्यालाही मर्यादा होती: जोराचा वारा लागला किंवा जाळी तापून लाल झाली, की जाळ बाहेर पडू शके.

बंबाचं उदाहरण आधी

चुलीआधी बंब समजून घ्या, कारण त्यात सगळं उघडं दिसतं. बंबाच्या मधून नळी जाते, तिच्या चारी बाजूंनी पाणी. म्हणजे जाळ थंड नळीत कोंडलेला. सकाळी गार पाणी भरून पेटवला की पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर, नळीच्या आत काळा चिकट थर, आणि खाली निखाऱ्यावर थेंब पडून चर्र चर्र आवाज. माझ्याकडे दर थंडीत कुणी ना कुणी "बंब गळते" म्हणून येतं. बहुतेक वेळा गळत काहीच नसतं. लाकूड जळताना पाण्याची वाफ निघते, ती थंड नळीवर थेंब होऊन गळते. पाणी कोमट झालं की थेंबही थांबतात आणि धूरही कमी होतो. म्हणून डाग लावायच्या आधी बंब पूर्ण तापवा आणि तेव्हाही गळतो का ते पाहा. आणि पेटवताना पहिल्यांदा तुराट्यांसारखं (तुरीच्या वाळक्या काड्या) बारीक, पटकन भडकणारं जळण घाला. ओंडका पाणी कोमट झाल्यावर.

चूल मोडण्याआधी बुड वाचा

भांड्याच्या बुडावरची काजळी म्हणजे चुलीची तब्येत. अंगठा फिरवून पाहा.

कोरडी, भुरकट, पुसल्यावर निघणारी काजळी असेल तर चूल बरी आहे. काळी, मखमली, जाड असेल तर जाळ बुडावर आदळून विझतोय. तपकिरी, चकचकीत, डांबरासारखी चिकट असेल तर जाळ पेटायच्या आधीच वायू गार होतोय: ओलं लाकूड किंवा फार थंड भिंत. फक्त एकाच कडेला काळं असेल तर चुलीचं तोंड तिरपं आहे किंवा एक उंचवटा खचलाय.

काजळी भांड्यालाच का चिकटते, चुलीच्या तापलेल्या तोंडाला का नाही? हवेतले बारीक कण गरम बाजूकडून थंड बाजूकडे ढकलले जातात. गंजात पाणी असेपर्यंत त्याचं बुड साधारण पाण्याच्या उकळत्या तापमानाच्या आसपासच राहतं, जाळाच्या मानाने ते बर्फासारखं. भाकरीचा तवा त्याहून खूप तापतो. म्हणून कधीकधी तव्याखालच्या काजळीत बारीक ठिणग्या चमचम पळतात. आमच्याकडे म्हणतात तवा हसला, पाहुणे येणार. पाहुण्यांचं माहीत नाही, पण काजळी जळण्याइतका तवा तापलाय एवढं नक्की.

चूल घालताना

माती. काळी माती नको, ती सुकताना तडकते. गावठाणातली पांढरी माती, त्यात शेण आणि बारीक कुटार (भुसा) मिसळून दोन दिवस मुरवा. ही बाहेरच्या अंगासाठी. आतल्या अंगाला मात्र निव्वळ माती लावू नका. घट्ट, जड माती उष्णता पीत राहते आणि मावशींची वीतभर जाड भिंत तासभर थंडच राहायची. आतून दोन बोटं जाडीचा अस्तराचा थर द्या: तीन भाग चाळलेली राख, एक भाग माती, मूठभर बारीक चाळलेलं कुटार. कुटार जळून गेलं की आत पोकळ्या राहतात, आणि पोकळी उष्णता ओढत नाही. हा थर नाजूक असतो, लाकूड ढकलताना खरवडतो. तो वर्षातून एकदा पुन्हा लावायचा, एवढं धरूनच चाला. धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, कुटाराऐवजी तूस चालतो.

आतली उंची. इथेच बहुतेक चुली चुकतात. जळण भांड्याच्या अगदी खाली असावं असं वाटतं, कारण जाळ बुडाला लागला की काम होतंय असं दिसतं. पण जाळाला जळून पूर्ण व्हायला जागा हवी. निखाऱ्यांपासून बुडापर्यंत १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक वीत ठेवा. जाळाचं टोक बुडाला स्पर्शेल न स्पर्शेल एवढं. खाली पट्ट्यांची जाळी बसवली तर राख गळते आणि हवा बुडातून येते. जुन्या पलंगाच्या पट्ट्या चालतात.

तोंडावरचे उंचवटे. तीन उंचवटे, प्रत्येकी दीड ते दोन सेंटीमीटर उंच, जाड बोटाएवढे. इथून तापलेले वायू बुडाला घासून बाहेर जातात. लोकांना इथे विरोधाभास वाटतो: वर म्हणाला जागा हवी, आता म्हणतो फट लहान ठेवा. फरक असा की खाली जळणारा जाळ असतो, त्याला मोकळं सोडायचं. वर पोचेपर्यंत जळणं संपलेलं असावं, तिथे नुसता तापलेला वायू असतो, आणि त्याच्यातली उष्णता काढून घ्यायला अरुंद वाटच बरी. आधी जळू द्या, मग घासू द्या. उंचवटे अजिबात नसले, तर मावशींच्या चुलीसारखा धूर जळण घालायच्या तोंडातून परत येतो. चार-पाच सेंटीमीटर ठेवले, तर अर्धी उष्णता छपराला जाते.

धुराडं. घरात चूल असेल तर ते हवंच. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, तिथली धुराड्याची मगन चूल जुन्या माणसांना आठवत असेल. धुराडं थंड असतं तेव्हा तेही काजळी ओढून घेतं, म्हणून महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून साफ करा.

सुकवणं. आठ दिवस सावलीत, मग चार दिवस रोज एक मूठ तुराट्यांचा लहान जाळ. घाई केली तर अस्तर सुटून पडतं.

पेटवणं. पहिली पाच मिनिटं गंज न ठेवता बारीक जळण पेटवा, आतली भिंत तापू द्या. मग गंज ठेवा, बाहेरून ओला असेल तर पुसून. झाकण लावा. बुडाला मातीचा लेप देण्याची आपल्याकडची पद्धत भांडं घासायला सोपी म्हणून आहे. लेपाचा बाहेरचा पृष्ठभाग धातूपेक्षा जास्त तापतो, त्यामुळे जाळ थोडा कमी गारठतो, पण पाणी तापायला किंचित उशीर होतो. मी स्वतः पातळ लेप देतो.

थंडीत रात्री निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. धूर दिसत नाही म्हणून विषारी वायू नाही असं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही.

भिंत स्वतःच जळण्याजोगी असेल तर

आतापर्यंत मातीच्या आणि धातूच्या भिंती झाल्या. आपल्याकडे अजून कितीतरी सैपाकघरं पऱ्हाटीच्या कुडाची किंवा तट्ट्याची आहेत, आणि तिथे नियम उलटा होतो. मोकळ्या जागेतला जाळ चहूबाजूंनी हवा ओढतो. भिंतीला लागून पेटवला तर एका बाजूने हवा मिळत नाही, मग तो भिंतीकडे झुकतो आणि हवा मिळेपर्यंत उंच होत जातो. कोपऱ्यात दोन बाजू बंद, तिथे आणखी उंच. अंगणात गुडघ्याएवढा असलेला जाळ कोपऱ्यात छपराकडे हात लांबवू शकतो. आणि तापलेला कूड जाळ विझवत नाही, स्वतःच वायू सोडून त्याला जळण पुरवतो.

म्हणून कोपऱ्यात चूल नको. कुडापासून निदान दोन हात दूर ठेवा. कूड दोन्ही अंगांनी मातीने लिंपा. तेवढी जागा नसेलच तर चुलीच्या मागे पत्रा उभा करा, पण भिंतीला चिकटवून नाही. मध्ये दोन बोटं मोकळी ठेवा, खालून-वरून हवा खेळती राहील अशी. चिकटवलेला पत्रा तापून कुडालाच तापवतो.

गोबरगॅसच्या बर्नरवर

गोबरगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे त्याची ज्योत मंद चालते आणि सहज उडते. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर नीट जळत नाही: गॅसचं भोक लहान पडतं आणि ज्योत बर्नरवरून सुटते. गोबरगॅसचीच शेगडी घ्या.

आधी काडी पेटवा, मग कॉक उघडा. हवेची झडप बंद ठेवून पेटवा, पिवळी टोकं जाईपर्यंत झडप हळूहळू उघडा. ज्योत बर्नर सोडून वर तरंगू लागली तर थोडी मागे घ्या. भोकं काजळीने बुजली तर बारीक तारेने साफ करा, मोठी करू नका. हे मी अनुभवाने सांगतो. एका संक्रांतीला ज्योत कमी येते म्हणून मी भोकं खिळ्याने मोठी केली. गॅसचा दाब संपत आला तसा वायू भोकातून हळू निघू लागला आणि जाळ त्या मोठ्या भोकांतून मागे शिरून नळीत फट्‌ करून वाजला. भुवया गेल्या, आणि बायकोचं आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं. मूळ बारीक भोकांच्या कडा जाळाला मागे शिरताना अडवतात, तेच काम मी मोडून टाकलं होतं.

टाकीपासून येणाऱ्या नळीत शेगडीच्या जवळ बारीक जाळीचा जाळरोधक बसवून घ्या. जाळी स्टेनलेस स्टीलची असावी. गोबरगॅसमधला गंधकयुक्त वायू तांब्या-पितळेला खातो. गळती पाहायची ती साबणाच्या फेसाने. टाकीच्या नळीच्या तोंडाला काडी लावून "गॅस आला का" बघणारे अजून आहेत, त्यांना मी काय सांगू. नळीत साठलेलं पाणी काढायचा कॉक दर आठवड्याला उघडा आणि जाळी वर्षातून दोनदा काढून धुवा. चिकट झाली तर गॅसच अडतो, आणि लोक वैतागून जाळी काढून फेकतात.

मावशींच्या चुलीचं अस्तर आम्ही पौषात बदललं, तोंडावर तीन उंचवटे बसवले आणि बुडात जाळी घातली. आता गंजाच्या बुडावरून अंगठा फिरवला तर भुरकट काजळी येते. चूल मात्र त्यांनी कोपऱ्यातून हलवू दिली नाही, देवाच्या कोनाड्यासमोर येते म्हणून. तेव्हा कूड लिंपलाय, आणि पत्र्याला खाली विटा देऊन तो दोन बोटं पुढे उभा केलाय. पत्र्यामागे पऱ्हाटीच्या जुड्या रचून ठेवायची सवय मात्र अजून सुटलेली नाही, दर भेटीत मी त्या काढून बाहेर टाकतो.